सरासरी बाराशे, पण कुणाला?

पेपरात बाजारभावाचा एक छोटा चौकोन असतो. उन्हाळ कांदा : कमीत कमी ३००, जास्तीत जास्त २१००, सरासरी १२००. समजा, सोमवारी हे आकडे छापून आले आणि मंगळवारीही तेच. घरी बसून वाचणारा म्हणेल, बाजार स्थिर आहे. लिलावात उभा असलेला शेतकरी मात्र हे मान्य करेलच असे नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून दोन्ही दिवशी अकराच ट्रॅक्टर आले आणि प्रत्येकात सारखाच माल होता, असे धरू. क्विंटलचे भाव चढत्या क्रमाने मांडू.

सोमवार : ३००, ९००, १०००, ११००, ११५०, १२००, १२५०, १३००, १४००, १५००, २१००.
मंगळवार : ३००, ५००, ६००, ८००, १०००, १२००, १४००, १६००, १८००, १९००, २१००.

दोन्ही ओळींची बेरीज १३,२००, म्हणून सरासरी १२००. रांगेतला मधला, सहावा भावही दोन्हीकडे १२००. त्याला मध्यक म्हणतात. टोकेही तीच, त्यामुळे टोकांमधला फरक, म्हणजे विस्तार, दोन्ही दिवशी १८००. या विस्ताराची अडचण अशी की तो फक्त दोन ट्रॅक्टरांचे ऐकतो. मधल्या नऊ जणांचे काय झाले, हे तो विचारतच नाही.

ते चतुर्थक विचारतात. मध्यकाच्या अलीकडे पाच भाव उरतात, पलीकडे पाच. त्या पाचांतला मधला पुन्हा शोधायचा. अलीकडचा तो पहिला चतुर्थक, पलीकडचा तिसरा. दुसरा म्हणजे मध्यकच. सोमवारी हे आकडे १००० आणि १४०० येतात, मंगळवारी ६०० आणि १८००. दोहोंतले अंतर म्हणजे आंतरचतुर्थक विस्तार : सोमवारी ४००, मंगळवारी १२००. तिप्पट! ट्रॅक्टर शेकड्यांनी असले की या पट्ट्यात साधारण मधला निम्मा बाजार येतो. (मध्यक दोन्ही भागांत धरायचा की वगळायचा, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. एक्सेलमध्येही त्यासाठी दोन फंक्शने आहेत; दुसऱ्या रीतीने सोमवारचा पहिला चतुर्थक १०५० येतो.)

मग शाळा-कॉलेजात शिकवतात ते प्रमाण विचलन कशाला? ते प्रत्येक भावाचे सरासरीपासूनचे अंतर मोजते, म्हणजे कुणालाच वगळत नाही. पण अंतराचा वर्ग करत असल्यामुळे लांबच्याचा आवाज फार मोठा होतो. सोमवारचे प्रमाण विचलन सुमारे ४१६, मंगळवारचे ५८२. फरक दिसतो, पण तिपटीचा नाही. कारण सोमवारच्या वर्गांच्या बेरजेतला ८५ टक्के वाटा ३०० आणि २१०० या दोनच भावांचा आहे.

अशा टोकाच्या आकड्यांसाठी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी एक साधे कुंपण घालून दिले. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकाने चतुर्थकांची पेटी काढून दाखवणारा आलेखही सर्वदूर नेला. आंतरचतुर्थक विस्ताराची दीडपट घ्या. पहिल्या चतुर्थकाच्या तेवढे खाली आणि तिसऱ्याच्या तेवढे वर कुंपण. सोमवारी ते ४०० ते २००० असे पडते, आणि ३०० व २१०० दोन्ही बाहेर राहतात. ते खोडायचे नाहीत. माल भिजला होता का, नोंद चुकली का, एवढे बघायचे. मंगळवारी मात्र तोच ३०० आणि तोच २१०० कुंपणाच्या आत आहेत. आकडा विचित्र आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांवर ठरते.

सोमवारी माल विकून परतणाऱ्याला वाटेत कुणी विचारले, ‘‘काय भाव निघाला?’’ तर तो सरासरी सांगत बसणार नाही. तो म्हणेल, ‘‘हजार ते चौदाशे चाललंय. एखादं वक्कल गेलं एकवीसशेला, पण त्याच्यावर जाऊ नका.’’ दोन चतुर्थक आणि एक कुंपणाबाहेरचा आकडा, एका दमात. पेपरातल्या चौकोनात एवढेच यायचे राहते.