आधी कोरडे, मग उबदार

शेजारच्या कुणाच्या घरी बारसे जवळ आले की हल्ली माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "आजी, बाळाचं अंग पुसायला साधा टॉवेल घ्यावा, की तो टोपीवाला झगा घ्यावा?" विचारणाऱ्या मुली कुणाच्या सुना, कुणाच्या लेकी. माझे माहेर सोलापूरचे. तेव्हा टॉवेलातले सगळे मला कळत असणार, अशी त्यांची समजूत. मलाही परवापरवापर्यंत तसेच वाटत होते! पण खरे सांगू? लहान मुलाचे अंग कसे पुसावे हे मी शिकले ते वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तेही सोलापुरात नाही की पुण्यात नाही, तर नर्मदेच्या काठी मणिबेलीला. दिवाळीच्या निमित्ताने ती हकीकत सांगते. कारण दोन-चार दिवसांत घरोघरी पहाटेच्या काळोखात पोरे न्हाणीघरात कुडकुडत उभी राहणार आहेत.

आधी माहेरचा अभिमान थोडा मिरवून घेते. सोलापूरला पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. आज त्या जुन्या गिरण्या राहिल्या नाहीत, पण यंत्रमाग चालूच आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हा धंदा तिथे रुजवला आणि वाढवला. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आमच्या गल्लीत मागांच्या खडखडाटातच आम्हांला झोप लागे. माग थांबले की जाग येई!

टेरी टॉवेलाची गंमत त्याच्या फाशांत असते. साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एकच ताणा लागतो. याला दोन लागतात. एक ताणा घट्ट ओढलेला, तो कापड धरून ठेवतो. दुसरा सैल सोडलेला. त्याचे बारीक बारीक फासे दोन्ही अंगांना वर येतात. या फाशांमुळे पाणी प्यायला कापडाला कितीतरी जास्त जागा मिळते. ही कला मूळची तुर्कस्तानातली. एकोणिसाव्या शतकात हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रज गृहस्थाने तिकडच्या प्रवासात हे टॉवेल पाहिले, आणि १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात यंत्रावर विणलेले तसले टॉवेल लोकांसमोर आले. पंचा आणि जुन्या धोतराचे फडके वापरणाऱ्या आपल्या घरांत ते पुढे शिरले.

तर इतके सगळे माहीत असलेली मी, दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात लेकीकडे निघाले. माझी लेक तेव्हा आरोग्याच्या कामासाठी नर्मदाकाठच्या गावांतून हिंडत होती. अडीच वर्षांचा नातू तिच्याबरोबर. "आई, आठ दिवस मणिबेलीला मुक्काम आहे, तूही चल. याच्याकडे तेवढं बघशील," असे तिने कळवले. नातवासाठी खाऊ घेतला, लोकरीचे घेतले, आणि पुण्यातल्या एका दुकानातून एक झगा घेतला. अस्वलाचे कान असलेली टोपी, हाताला लोण्यासारखा मऊ, किंमत मात्र लोण्यासारखी मुळीच नव्हती. आमचे हे म्हणालेसुद्धा, "अगं, हा पुसायचा आहे की मिरवायचा?" मी तिकडे लक्ष दिले नाही.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातले, अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याशी नर्मदेला लागून असलेले गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात ज्या गावात सर्वांत आधी शिरले ते हेच. १९९३ सालच्या पावसाळ्यात नदीकाठची घरे गेली; जे गाव सोडून गेले नाहीत, त्यांनी डोंगराच्या उतारावर वर सरकून पुन्हा घरे बांधली. जवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्या पाण्याखाली गेले. आम्ही शेवटचा टप्पा लाँचने गेलो. दोन्हीकडे डोंगर, मधे अथांग पाणी. लेक म्हणाली, "याच पाण्याखाली जुनं गाव आहे, आई." मी नुसते हात जोडले.

शूलपाणीचे नाव मी लहानपणापासून ऐकलेले. माझे आजोबा नर्मदेची परिक्रमा करून आले होते. परिक्रमेला जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगत, की शूलपाणीच्या झाडीत अंगावर लंगोटीखेरीज काही उरत नाही. पंचासुद्धा काढून घेतात. आजोबा ती रंगवून सांगत आणि आम्ही मुले डोळे मोठे करून ऐकत असू. लाँचमध्ये मला ते आठवले, आणि लाज वाटते सांगायला, झग्याची पिशवी मी जरा जवळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला आंघोळ घातली. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या बाईंनी चुलीवर पाणी तापवून दिले होते. अंगणात दगडावर बसवून मी त्याला छान न्हाऊ घातले. ऊन अजून डोंगराआडच होते आणि पाण्यावरून बोचरा वारा येत होता. शेवटचा तांब्या ओतला, आणि मोठ्या ऐटीत मी तो झगा त्याला चढवला, टोपी ओढली, पट्टा बांधला. अस्वलाचे पिल्लूच दिसू लागले ते! मी लेकीला म्हणाले, "बघ, कसा उबदार!"

पण पिल्लू काही हसेना. दातावर दात वाजू लागले. दोन-तीन मिनिटांत ओठ निळसर दिसायला लागले. मी त्याला झग्यावरूनच जोरजोराने चोळू लागले, तर तो रडायला लागला. टोपीत हात घातला, तो केस तसेच निथळत होते. पाठीवरून हात फिरवला, तर पाणी नुसते इकडचे तिकडे झाले होते. कापड बाहेरून ऊबदार, आतून ओलेगच्च! लेक आत औषधांच्या पेट्यांपाशी, आणि माझे हातपाय गळालेले.

त्या बाई चुलीपुढून उठल्या. मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी झगा काढून बाजूला ठेवला, वळणीवरून जुन्या सुती साडीचे धुऊन धुऊन विरविरीत झालेले दोन तुकडे घेतले आणि आधी त्याचे डोके पुसले. चोळले नाही, कापड दाबायचे, उचलायचे, कोरडी बाजू फिरवून पुन्हा दाबायचे. मग मान, कानामागे, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या. पहिला तुकडा ओला होताच तो टाकून दिला आणि दुसऱ्या कोरड्या तुकड्यात त्याला गुंडाळून छातीशी धरून चुलीपाशी बसल्या. हे सगळे होईपर्यंत मोजून दोन मिनिटेही लागली नसतील. पोराच्या ओठांवर पुन्हा रंग आला, आणि त्याने चुलीतल्या निखाऱ्याकडे बोट दाखवून "लाल!" म्हटले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्या त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. लेकीने सांगितले, "मावशी म्हणताहेत, आधी पाणी काढायचं, मग पांघरूण घालायचं. ओल्यावर पांघरूण घातलं तर गारठा आतच राहतो."

बाळाच्या अंगावरून पाणी वाळते तेव्हा ते उष्णता घेऊन वाळते. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी अंगावर राहिले आणि त्याची सगळी उष्णता बाळाच्या अंगातूनच गेली, तर दहा किलोच्या मुलाचे अंग अर्ध्या अंशाहून अधिक गार होईल. तीन किलोच्या तान्ह्याचे दोन अंशांहूनही अधिक. शिवाय मुलांच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, आणि त्यात डोक्याचा वाटा बराच मोठा. तान्हे बाळ तर आपल्यासारखे कुडकुडतही नाही. ते मुकाट्याने गार होत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली नवजात बाळाच्या उबेविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यातही जन्मताच बाळ कोरडे करण्यावर फार भर आहे. पहिली आंघोळसुद्धा निदान २४ तासांनंतर घालावी, असे आता सांगितले जाते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार करून घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली. जंतुसंसर्गावरच्या औषधोपचारापासून बाळाला उबेत ठेवण्यापर्यंत पुष्कळ गोष्टी त्यांत होत्या. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मणिबेलीजवळच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत स्वतः होडी वल्हवीत पल्याडच्या पाड्यांवर जात, बाळांची वजने घेत आणि आहार पोचवीत, हेही आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्या काठावर बाळ जपणे ही किती कष्टाची गोष्ट आहे, ते मी आठ दिवसांत पाहिले.

पुण्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते झग्याची परीक्षा. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला! घरातल्या जुन्या सोलापुरी टॉवेलावर टाकला, तो क्षणात गडप. चिठ्ठी वाचली, तर अर्ध्याहून अधिक पॉलिएस्टर. हा धागा सुतासारखे पाणी पीत नाही. शिवाय मखमलीसारखा मऊपणा यावा म्हणून फाशांची टोके कापलेली. फासा कापला की हाताला सुख वाटते, पण पाणी टिपण्याचे काम कमी होते. माहेरची सगळी विद्या दुकानात मी विसरले होते. मऊपणा मी माझ्या हाताने पाहिला. बाळाच्या ओल्या पाठीचा विचारच केला नाही.

तेव्हापासून विचारायला येणाऱ्या मुलींना मी जे सांगते, ते इथे सांगून टाकते.

पहिल्या वर्षासाठी झगा नकोच. कोपऱ्याला टोपी शिवलेला चौकोनी टॉवेल घ्यावा, साधारण पाऊण मीटर लांब-रुंद. ही काही साहेबाची युक्ती नव्हे. आपली कुंचीच ती! डोके आधी झाकले जाते आणि बाळाचे हात बाह्यांत कोंबावे लागत नाहीत. कापड शुद्ध सुती, फासे न कापलेले. चिठ्ठीवर जी.एस.एम. असा आकडा असतो, तो एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. जितका जाड तितका चांगला असे नाही. मुंबईच्या, कोकणच्या पावसाळ्यात जाडजूड टॉवेल दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. तिथे तीनशे-चारशेच्या आसपासचा बरा.

एकाऐवजी दोन घ्या. एक पाणी टिपायला, दुसरा गुंडाळायला. दोन चांगले टॉवेल परवडत नसतील तर टिपायला जुने धुतलेले धोतर किंवा सुती साडी घ्या. त्याहून गुणी कापड मला तरी ठाऊक नाही.

झगा घ्यायचा तो मूल चालू लागल्यावर, आणि तोही अंग पुसून झाल्यानंतर घालण्यासाठी. बाह्या आखूड असाव्यात, घोळ पायात येऊ नये. गळ्याशी नाडी किंवा दोरी मुळीच नको. तिचा फास बसण्याची भीती असते. कमरेचा पट्टा सुटा नसून शिवलेला असावा.

नवा टॉवेल वापरण्यापूर्वी दोनदा धुवावा, म्हणजे खळ आणि वरची चकाकी निघते. कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रावण बाळाच्या टॉवेलाला लावू नये. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी पिईनासे होते. धुऊन झटकून उन्हात टाकावा. आणि प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा. एका टॉवेलाने सगळ्यांना पुसले की एकाचे गजकर्ण साऱ्या घराचे होते.

आता नरकचतुर्दशीची पहाट. तेल, उटणे, सुगंध, फटाक्यांची घाई! मुलाला न्हाणीघरात नेण्यापूर्वी दोन टॉवेल आणि कपडे हाताशी ठेवा, खिडकी लावून घ्या. शेवटचा तांब्या ओतला की आधी डोके टिपा. मग सांधे आणि बेचक्या. ओला टॉवेल टाकून कोरड्यात गुंडाळा. ओवाळणे, फोटो काढणे त्यानंतर.

मणिबेलीहून निघताना त्या बाईंनी सुती साडीचा तो धुतलेला तुकडा घडी करून माझ्या हातात दिला. "पोराला होईल," एवढेच म्हणाल्या. मी झगा पुढे केला, तर त्यांनी हसून मान हलवली. आजोबांची ती गोष्ट आता मी नातवाला सांगते, पण शेवट बदलून. शूलपाणीच्या झाडीत आमच्याकडून कुणी काही काढून घेतले नाही. उलट तिथून आम्ही एक कापड घेऊन आलो. ते अजून आमच्या न्हाणीघराच्या खुंटीवर आहे, आणि यंदाच्या पहिल्या आंघोळीला नातवाचे डोके त्यानेच पुसायचे, असे ठरले आहे.