अ‍ॅप एकच, मग दोघींच्या फोनमध्ये वेगळं का?



गटाच्या बैठकीत हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तिच्या फोनमध्ये हे बटण दिसतं, माझ्यात का नाही?" अ‍ॅप एकच असलं तरी त्याचं व्हर्जन, म्हणजे आवृत्ती, वेगळी असू शकते.

लहान कुकरची रिंग मोठ्या कुकरला बसत नाही. म्हणून दुकानदार सगळी मापं ठेवतो आणि कुकर विचारून रिंग देतो. प्ले स्टोअरचंही तसंच. आपला फोन ज्यावर चालतो त्या अँड्रॉइडचीही व्हर्जन असतात. ५ आलं २०१४ मध्ये, १० आलं २०१९ मध्ये. अ‍ॅप बनवणारे जुन्या आणि नव्या अँड्रॉइडसाठी वेगवेगळी व्हर्जन ठेवू शकतात. त्यातलं आपल्या फोनला चालणारं स्टोअर देतं.

मग जुनं व्हर्जन कायमच का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक व्हर्जन वेगळं तपासावं लागतं, वेगळं दुरुस्त करावं लागतं. ते परवडेनासं झालं की जुने फोन वगळले जातात. अशा वेळी अ‍ॅप बंद पडलं, तरी फोन बिघडलेला नसतो.

फसवणारे नेमकी हीच वेळ साधतात. "जुन्या फोनवर चालणारं अ‍ॅप देतो," म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. सोबत सांगतात, "आधीचं काढा, मग हे टाका." असं का सांगतात? आधीचं अ‍ॅप फोनमध्ये असेल, तर त्यावर नवं चढवताना फोन बनवणाऱ्याची सही जुळवतो, बँकेत जुळवतात तशी. सही जुळली नाही तर घेत नाही. आधीचं काढलं की जुळवायला काही उरतच नाही. मग खोटं अ‍ॅप आत शिरून ओटीपीचे मेसेज वाचू शकतं.

शिवाय अ‍ॅप काढलं की फक्त फोनमध्येच साठवलेला गटाचा हिशोबही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून एवढं पाळूया. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं. काढण्याआधी हिशोब वहीत उतरवायचा. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या ठिकाणी आपलं अँड्रॉइड कितवं ते बघून ठेवायचं. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन लावायचा.

पुढच्या बैठकीला सगळ्याजणी फोन घेऊन या. आपापलं व्हर्जन एकत्र बसून बघूया.