पानगळीचं पासबुक

एक तारीख. मोबाइल वाजतो, 'सॅलरी क्रेडिटेड'. पाच तारखेपर्यंत ईएमआय, घरभाडं, क्रेडिट कार्ड सगळं वळतं होतं आणि वीस तारखेनंतर कँटीनमधला वडापावही महाग वाटायला लागतो. ओळखीचं वाटतंय ना? आता अशा एका कुटुंबाची कल्पना करा, ज्याचा पगार वर्षातून फक्त चार महिने होतो. उरलेले आठ महिने ठणठणाट. तरीही कुणापुढे हात न पसरता त्यांचं बरं चाललंय!

हे कुटुंब नांदेड जिल्ह्यात राहतं. पत्ता : किनवट-माहूरचं जंगल.

नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत गाडी किनवटकडे निघाली, की हळूहळू डोंगर आणि झाडी सुरू होते. साग, मोह, तेंदू, पळस, धावडा. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं हिरवंगार ॲमेझॉन येतं. एप्रिलमध्ये इथं आलात तर तुमची निराशा होईल. सागाची झाडं उघडी-बोडकी, पायाखाली पापडासारखी कुरकुरणारी पानं आणि वर रणरणतं ऊन. 'इथं काय बघायचं?' असंच वाटेल. पण खरा मामला पायाखालीच सुरू असतो.

पीएफ काढा, मगच राजीनामा द्या

झाड पान सहजासहजी सोडत नाही. पान पिवळं पडायला लागलं, की झाड त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस परत ओढून फांद्यांमध्ये, खोडात साठवतं. साधारण निम्मा माल असा आधीच घरी येतो. नोकरी सोडताना आपण पीएफचा हिशेब करतो ना, तसंच! कॅल्शियम मात्र पानात अडकून पडतं, ते परत खेचता येत नाही. सागाच्या पानात ते भरपूर. म्हणून सागाखाली पडलेला पाचोळा म्हणजे मातीसाठी कॅल्शियमची गोळीच समजा.

मग कामाला लागते वाळवी. घरातल्या कपाटात ती व्हिलन असेल, पण कोरड्या जंगलात तिच्यासारखा कर्मचारी नाही. बाकीच्यांना कामासाठी ओल लागते. ही भर उन्हाळ्यातही मातीचे बोगदे बांधून पानं-काटक्या आत नेते आणि फस्त करते.

उन्हाळ्यातली एफडी

गोष्टीतला सगळ्यात भारी भाग पुढे आहे. बनारस हिंदू विद्यापीठातले जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य भागातल्या, म्हणजे किनवटसारख्याच कोरड्या पानझडी जंगलातल्या मातीचा अभ्यास केला. १९८९ मध्ये तो 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्यांना दिसलं ते असं : मातीतल्या जिवाणू-बुरशीच्या शरीरांत साठलेलं अन्न उन्हाळ्यात सगळ्यात जास्त असतं आणि पावसाळ्यात सगळ्यात कमी!

उलटं वाटतं ना? पण विचार करा. उन्हाळ्यात झाडं झोपलेली. तेव्हा मातीत नायट्रोजन-फॉस्फरस मोकळा पडला असता, तर पहिल्याच वळवानं तो नाल्यात वाहून नेला असता. तो जिवाणूंच्या अंगात बंद असतो, म्हणून वाचतो. जूनमध्ये पाऊस पडला, की यातले बरेच सूक्ष्मजीव अचानक पाणी शोषून फुटतात, काहींना दुसरे जीव गट्टम करतात, आणि साठवलेलं सगळं मातीत उतरतं. नेमकं तेव्हाच, जेव्हा झाडांना पालवीसाठी त्याची गरज असते. एफडी मॅच्युअर होण्याचं टायमिंग यापेक्षा परफेक्ट असूच शकत नाही.

पहिल्या पावसाचा जो मातीचा वास आपल्याला वेडा करतो, त्यातही मातीतल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. म्हणजे तो वास घेताना आपण एका चालू बँकेच्या दारातच उभे असतो!

एक काडी, आणि खातं साफ

या खात्यावर दरोडा पडतो तो आगीचा. कुठं मोहफुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून, कुठं फेकलेल्या पेटत्या विडीमुळे पाचोळा पेटतो. 'राख म्हणजे खतच की,' असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. पानातला बराचसा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरस आणि कॅल्शियम राखेत उरतात, पण मोकळ्या उतारावरून पहिला जोरदार पाऊस तेही घेऊन जातो.

लातूरचं काय?

नांदेडकडे निदान किनवट आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. तिथं सोयाबीन आहे, तूर आहे, आणि डाळीचं मोठं मार्केट आहे. जंगलात पान पडतं तिथंच मुरतं. शेतातला माल मात्र ट्रकमध्ये बसून गावाबाहेर जातो. सोयाबीनच्या एका क्विंटलबरोबर सुमारे सहा किलो नायट्रोजन आणि अर्ध्या किलोच्या आसपास फॉस्फरस शेत सोडतो. नायट्रोजनचा बराच भाग सोयाबीन आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतून मिळवतं. फॉस्फरस हवेत नसतोच. तो डीएपीच्या गोणीतून विकत आणावा लागतो, आणि त्याच्या कच्च्या मालासाठी भारत मुख्यतः परदेशावर अवलंबून आहे. त्यात काढणीनंतरचं काडही पेटवलं, तर शेताच्या पासबुकात फक्त विड्रॉवलच्या नोंदी उरतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पाण्याची गाडी काढता आली. पण पाचोळा कुजून तयार झालेली, पाणी धरून ठेवणारी माती कुठल्या स्टेशनवरून भरून आणणार?

तुमच्या सोसायटीची ब्रँच

तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्यात, आमच्याकडे ना जंगल ना शेत! पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या कोपऱ्यात पानांचा ढीग पेटलेला असतो की नाही? धूर तुमच्या नाकात, नायट्रोजन हवेत, आणि दोन महिन्यांनी बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी नर्सरीतून पैसे मोजून खत! पुण्यात अदिती देवधर यांनी 'ब्राउन लीफ' हा उपक्रम सुरू केला, तो याच वेडेपणावर. ज्यांच्याकडे सुकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती बागेसाठी हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची. साधी आयडिया, पण कामाची.

सुरुवात अगदी छोटी करता येते. सुकी पानं एका जाळीच्या पिंपात भरा, अधूनमधून पाणी शिंपडा, मूठभर शेण किंवा जुनं खत टाका, महिन्यातून एकदा खालीवर करा. काही महिन्यांत काळंभोर खत हातात येतं. कुंडीत तर नुसती पानं मातीवर पसरली तरी उन्हाळ्यात ओल टिकते.

आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण संपलं, की एवढा एक विषय काढा : यंदा पानं पेटवायची नाहीत. खातं उघडायला केवायसीसुद्धा लागत नाही!