आयडिया तयार आहे, फक्त टीम हवी!

कॉलेजच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. ‘गेमची एकदम भारी आयडिया आहे. स्टोरी लिहून तयार. कोडर, थ्रीडी आर्टिस्ट आणि म्युझिकवाला पाहिजे. आत्ता पैसे नाहीत, पण गेम चालला की सगळ्यांना वाटा.’ खाली पाच-सात अंगठे येतात, दोघं-तिघं ‘मी आहे’ म्हणतात, नवा ग्रुप निघतो, त्याला झकास डीपी लागतो आणि परीक्षा तोंडावर आली की तो थंड पडतो. मग पोरं आळशी निघाली, असं म्हणून विषय संपवला जातो. खरा घोळ मात्र त्या मेसेजमध्येच असतो. आयडियेचं मोल, टीमचा आकार आणि वाट्याचा हिशोब, या तिन्हींबद्दल त्यात गैरसमज ठासून भरलेले असतात.

विषयांचा तुटवडा हिंगोली जिल्ह्याला तरी नाही. औंढा नागनाथचंच घ्या. नामदेवांच्या भजनाला देवळासमोर अटकाव झाला, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा सगळ्या वारकऱ्यांना ठाऊक आहे. गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांतही देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सीही याच जिल्ह्यातलं. कोड्यांच्या गेमला आणखी काय हवं? टाळाचा ठेका जुळला की देऊळ फिरणार, बंद वाट उघडणार, उघडी वाट बंद होणार. ही कल्पना समजा औंढ्याच्याच एखाद्या विद्यार्थ्याला सुचली. पुढे काय?

पुढचा टप्पा ‘टीम पाहिजे’ हा नसतो, आणि इथेच पहिला गैरसमज आडवा येतो. आयडिया ऐकून कुणी फुकट राबायला येत नाही, कारण ज्याला कोड येतं त्याच्याकडे स्वतःच्याच चार आयडिया पडून असतात. माणसं येतात ती हलणारं काहीतरी पाहून. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा स्वयंसेवकांनी उभारलेला गेम आज जगभर खेळला जातो. २००३ मध्ये डेव्हिड व्हाइट यांनी त्याची पहिली आवृत्ती खुली केली, तेव्हा ती दिसायला अगदीच ओबडधोबड होती. पण ती खेळता येत होती. चित्रकार, लेखक, अनुवादक तिच्याभोवती नंतर जमले. औंढ्याच्या विद्यार्थ्यानेही आधी गोडो हे फुकट गेम-इंजिन उतरवून घ्यावं, राखाडी ठोकळ्यांचं देऊळ करावं, ते नव्वद अंशांत फिरवावं आणि एकच दार उघडून दाखवावं. कोरीव काम नको, कथा नको. हे एकट्याला जमत नसेल, तर इतरांनी त्यावर वर्षभर घालवावं असं म्हणायला त्याच्याकडे काय आधार आहे?

जितके हात जास्त तितकं काम हलकं, हा दुसरा समज. तो आपल्याकडे गणपती मंडळांतून आला असावा. मांडवाचा खांब धरायला कुणीही चालतो, आणि वीस जण असले तर मांडव लवकर उभा राहतो. गेमचं गणित वेगळं आहे. पात्राच्या सांगाड्यात एक हाड बदललं की त्यावर बेतलेली चाल, उडी, पडणं, सगळं पुन्हा तपासावं लागतं. कोडर अडला की आर्टिस्ट थांबतो, आर्टिस्ट थांबला की संगीतवाल्याला प्रसंग किती सेकंदांचा तेच कळत नाही. पंधरा जणांच्या टीममध्ये एकाला तर गेम बनवणं सोडून निव्वळ कोण कुठे अडलंय तेच बघत बसावं लागतं. पहिल्या खेपेला तिघं पुष्कळ झाले.

मोठ्या स्वयंसेवी टीम यशस्वी होतच नाहीत, असं नाही. पण त्यांचं कॅलेंडर बघावं. ‘हाफ-लाइफ’ हा जुना गेम नव्याने घडवणारा ‘ब्लॅक मेसा’ हा हौशी मंडळींचा प्रकल्प २००४-०५ च्या सुमारास सुरू झाला. पहिला भाग २०१२ मध्ये आला, तोही झेन या परक्या मितीतला शेवटचा टप्पा गाळून. पूर्ण गेम मार्च २०२० मध्ये निघाला, आणि तोपर्यंत ते निव्वळ फुकटचं काम राहिलेलं नव्हतं. ‘झिरो ए.डी.’ या युद्धनीतीच्या गेममध्ये मौर्यांची फौज घेऊन खेळता येतं. त्याची मुळं २००१ पर्यंत मागे जातात, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या सत्ताविसाव्या आवृत्तीवरही ‘अल्फा’ हाच शिक्का होता. चिकाटी वाखाणण्यासारखी खरी, पण तीन वर्षांच्या डिग्रीत बसणारी नव्हे.

‘आपला पुण्याचा राजी गेम बघा, नुसत्या जिद्दीवर झाला,’ हे वाक्यही नेहमी कानावर पडतं. ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने केला. तो ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. जिद्द होतीच. पण किकस्टार्टरवरची त्यांची निधी मोहीम फसली होती, आणि प्रकल्प तगवायला सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपलं घर विकलं, हेही जाहीर आहे. पुढे प्रकाशक मिळाला. म्हणजे पैसा लागलाच. राजीची गोष्ट सांगून कुणाला फुकट कामाला लावणं हा त्या मंडळींवरही अन्यायच.

आता वाट्याकडे येऊ. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात गेम ठेवायला दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, आणि विक्रीतून साधारण ३० टक्के स्टीम कापून घेतं. उरलेल्यातून वाटा. बहुतेक पहिले गेम इथवर पोचतच नाहीत, त्यामुळे ‘२० टक्के देऊ’ हे आश्वासन म्हणजे बहुधा शून्याचे २० टक्के.

त्याहून गंमत अशी की, काहीच लिहून ठेवलं नाही तर गोष्ट मोकळी राहते, असं सगळ्यांना वाटतं. कायदा तसं मानत नाही. चौघांनी मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं तोंडी ठरलं, तरी १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ती भागीदारी ठरू शकते. वेगळा करार नसेल तर त्यात नफा समान वाटला जातो, आणि तोटाही. ‘आयडिया माझी म्हणून निम्मा माझा’ हे मनातच राहतं.

आणि चित्रं कुणाची? ‘माझ्या गेमसाठी काढली म्हणजे माझी’ हा समज सर्वांत महागात पडणारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या हक्काचा पहिला धनी नोकरी देणारा असतो. स्वयंसेवक नोकर नाही. वसमतच्या मैत्रिणीने देवळावरचं शिल्पकाम हौसेने रंगवून दिलं, तर त्याचा हक्क तिचाच. उद्या ती भांडून बाहेर पडली आणि ‘माझी चित्रं काढा’ म्हणाली, तर उत्तर सोपं नसतं. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी कागद आणि तिची सही लागते. तो कागदही मोघम असला तर कायदा स्वतःच मर्यादा घालतो: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम तर जगभर विकायचा असतो. शिवाय वेगळं काही ठरलेलं नसेल आणि वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर ते हस्तांतरण संपतं. रखडलेल्या गेमची तर हीच तऱ्हा. हक्क देऊन टाकल्यावरही कलाकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार तिच्याकडे राहतोच, तेव्हा श्रेयनामावलीतून नाव उडवण्याची धमकी कुणी देऊ नये.

संगीतातही हाच फासा आहे. नामदेवांचे अभंग सातशे वर्षांपूर्वीचे, त्यांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. पण गावातल्या बुवांनी म्हटलेला अभंग मोबाइलवर टिपून गेममध्ये टाकला, तर बुवांना कलावंत म्हणून त्यांच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. त्यांची परवानगी घ्यावी, लेखी घ्यावी, आणि देवळाची कथा गेममध्ये कशी दाखवणार तेही त्यांना आधी दाखवावं. टीममधलं कुणी अकरावी-बारावीचं असेल तर आणखी एक अडचण: अठराखालच्या व्यक्तीचा करार कायद्यात टिकत नाही. अशा मुलांना घेताना पालकांशी बोलणं हाच शहाणपणाचा मार्ग.

स्वयंसेवकांना काम सोपवायचं कसं, याचा उत्तम नमुना जिथून निघाला त्या गुरुत्वीय लहरींच्या विज्ञानाची वेधशाळा औंढ्याजवळच उभी राहते आहे. लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या नोंदींत असंख्य खोटे आवाज मिसळतात. ते ओळखायला २०१६ मध्ये ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा प्रकल्प सामान्य लोकांसाठी खुला झाला. आलेल्या माणसाला सापेक्षतावाद शिकवत नाहीत. समोर एक चित्र येतं, दिलेल्या प्रकारांपैकी हा कोणता ते निवडायचं. सुरुवातीला मोजके सोपे प्रकार, सराव झाला की पुढची पायरी. काही नवे प्रकार तर स्वयंसेवकांनीच हेरले. काम इतकं छोटं आणि स्पष्ट असलं की अनोळखी माणूसही टिकतो. ‘ग्राफिक्स बघून घे’ असं सांगितलं की ओळखीचाही पळतो. त्याऐवजी ‘सभामंडपाचा एक खांब, हा फोटो, या मापात, रविवारपर्यंत’ असं सांगून बघावं.

कोड येत नाही त्याला टीममध्ये जागा नाही, हाही एक पक्का झालेला समज. मराठी गेममध्ये तर तो लगेच उघडा पडतो. गोडोच्या तिसऱ्या मालिकेपर्यंत देवनागरीची जुळणी नीट होत नसे. ‘हिंगोली’ लिहिलं की पहिली वेलांटी ह सोडून ग ला जाऊन चिकटायची, जोडाक्षरं फुटायची. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या मालिकेत ही अडचण सुटली, पण योग्य फॉन्ट निवडणं, बटणावर न मावणारा शब्द बदलणं, टाळाचा ठेका खरा वाटतो का ते ऐकणं, साध्या अँड्रॉइड फोनवर गेम कुठे अडखळतो ते टिपून ठेवणं, ही कामं मराठी चांगलं येणाऱ्या आणि धीराच्या माणसाची आहेत. अशी माणसं कॉम्प्युटर विभागात शोधण्यापेक्षा भजनी मंडळात लवकर सापडतील.

अनोळखी माणसाबरोबर वर्षाचा संसार मांडण्याआधी एक शनिवार-रविवार काढून बघावा. २००९ पासून दर जानेवारीत होणारा ग्लोबल गेम जॅम यासाठी सोयीचा आहे: दिलेला विषय, मोजका वेळ आणि शेवटी खेळता येईल असं काहीतरी. कोण वेळेवर फाइल देतो, कोण रात्री दोनला गायब होतो, कोणाला ‘हे काढून टाकू’ म्हटलेलं सोसतं, ते तेवढ्यात कळतं. जमलं तर एकाच पडद्याचा गेम ठरवावा, फाइली एकाच्या लॅपटॉपवर न ठेवता सामायिक गिट भांडारात ठेवाव्यात, म्हणजे कुणी निघून गेलं तरी काम जात नाही. आणि तारखा ठरवताना पुढची हळदीची धांदल लक्षात घ्यावी. काढणी आणि शिजवणीच्या दिवसांत वसमतकडचा कोडर फोन उचलणार नाही.