दाब तोच, हृदयावरचा परिणाम वेगळा

उच्च रक्तदाब : वारंवार मोजूनही 140/90 किंवा त्याहून जास्त. अमेरिकेत 2017 पासून 130/80.

हृदयात काय होते : वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना डावा कप्पा जाड, ताठ होतो. पुढे हृदय निकामी होण्याचा धोका.

कृष्णवर्णीय अमेरिकी : उच्च रक्तदाब कमी वयात सुरू होतो, कप्पा जाड होण्याचे प्रमाणही जास्त. कारणांत आहार, ताण, उपचारांतील विषमता. सारे जनुकांवर ढकलता येत नाही. 2005 मध्ये तिथे ‘बायडिल’ हे हृदय निकामी होण्यावरचे औषध फक्त याच रुग्णांसाठी मंजूर झाले. वाद झालाच.

दक्षिण आशियाई : 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (2004) हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मध्यक वय 53, इतरत्र सुमारे 59. साधारण 4 टक्के लोकांत हृदयस्नायू कमकुवत करू शकणारा एक जनुकीय बदल आढळतो (2009).

खानदेशात : धुळे-जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हा आजार असलेल्यांचा (केवळ वाहकांचा नव्हे) रक्तदाब सहसा इतरांपेक्षा कमी असतो. त्यामुळे 120-130 चा, एरवी कोणी मनावर न घेणारा आकडाही त्यांनी डॉक्टरांना सांगावा.

मीठ : जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. शेवभाजी, पापड, लोणचे यांतलेही त्यातच धरायचे.

तपासणी : तिशी ओलांडलेल्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत.