कमी दाबाने पंप का जळतो?

विजेचा दाब कमी झाला की घरातील दिवा मंद होतो. परंतु विहिरीवरील पंपाची मोटर मात्र अधिक तापू लागते. ऐन पाणीपाळीच्या दिवसांत ती जळाली, तर उभे पीक संकटात सापडते. दाब घटला असता धोकाही घटावयास हवा, मग असे उलट का घडते? त्याचा उलगडा दोन साध्या सूत्रांनी होतो.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान कायम असता धातूच्या तारेतील प्रवाह दाबाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून व्होल्टमधील दाबास अँपिअरमधील प्रवाहाने भागले की तारेचा रोध ओहममध्ये मिळतो. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की खर्च होणारी शक्ती वॅटमध्ये कळते.

विजेच्या शेगडीचे उदाहरण घेऊ. २३० व्होल्ट दाबावर तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह जात असेल, तर तिचा रोध ४६ ओहम व शक्ती १,१५० वॅट होय. ती तासभर चालल्यास १.१५ युनिट वीज खर्च होईल. आता दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला, असे समजू. शेगडीच्या तारेचा रोध तापमानानुसार फारसा बदलत नाही. त्यामुळे प्रवाह ४ अँपिअर व शक्ती ७३६ वॅट होईल. दाब एकपंचमांशाने घटला, पण उष्णता एकतृतीयांशाहून अधिक घटली.

मोटरचे गणित निराळे आहे. पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे असल्याने तिच्यावरील भार जवळजवळ कायम राहतो. दाब कमी पडला की ती भरपाईसाठी अधिक प्रवाह ओढते. गुंडाळीतील उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सव्वापट झाला, तर ही उष्णता दीडपटीहून अधिक होते. तारेवरील आवरण करपते व मोटर जळते. मोटरच्या बाबतीत दाब व प्रवाह यांचा नुसता गुणाकार पुरेसा नसतो. खरी शक्ती काढण्यासाठी त्यास शक्तिगुणकानेही गुणावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

दाब केवळ वाहिनीवरच घटतो असे नाही. बारीक तारेतही तो खर्ची पडतो. एकफेजी पंपापर्यंत जाणाऱ्या व परतणाऱ्या तारांचा एकूण रोध २ ओहम व प्रवाह १० अँपिअर असेल, तर वाटेतच २० व्होल्ट दाब व २०० वॅट शक्ती वाया जाते. त्याच धातूची, दुप्पट छेदाची तार वापरल्यास दोन्ही नुकसान निम्म्यावर येते. तारेवरील काटकसर अशी महाग पडते.

मोटरवरील पट्टीवर योग्य दाब व प्रवाह यांचे आकडे दिलेले असतात. परवानाधारक तारतंत्रीकडून पंप चालू असताना हे दोन्ही आकडे मोजून घ्यावेत. दाबमापक समांतर व प्रवाहमापक एकसरीत जोडावा लागतो. हे काम अनभिज्ञ व्यक्तीने करू नये. प्रवाह पट्टीवरील आकड्यापेक्षा अधिक दिसल्यास पंप बंद करून कारण शोधावे. अतिभार रिले पट्टीवरील प्रवाहानुसार लावून घ्यावा आणि तो वारंवार तुटतो म्हणून कधीही वगळू नये. त्याचे तुटणे हा त्रास नसून मोटर वाचविणारा इशारा आहे.