रुपयाचे कडे: चांद्याच्या जंगलातील बदलता साज

माडिया किंवा गोंड स्त्रीचे छायाचित्र छापले की त्याखाली ‘हजारो वर्षांचा पारंपरिक साज’ असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. गळ्यात काचमण्यांच्या माळा, मनगटात चांदीची किंवा गिलटाची कडी आणि दंडात वाकी, एवढे दिसले की काळ थांबला असे आपण गृहीत धरतो. मग तीच मुलगी आठवडी बाजारातून प्लॅस्टिकच्या बांगड्या घेऊन आली की संस्कृती बुडाल्याची हळहळ सुरू होते. ही हळहळ मला चुकीच्या जागी वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दागिना कधीच स्थिर नव्हता. बाजारात काय पोचते आणि हाती कोणते नाणे येते, यावर तो पिढ्यान् पिढ्या ठरत आला. ज्याला आज आपण परंपरा म्हणतो, ती बऱ्याच अंशी इंग्रजी अमदानीतील रुपयाची फॅशन आहे.

हातात काही घालण्याची हौस मात्र नक्कीच जुनी आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध कांस्यमूर्तीचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. विदर्भापुरते पाहिले तर नागपूरजवळच्या माहुरझरीच्या लोहयुगीन शिळावर्तुळांत तांब्याच्या बांगड्या आणि कार्नेलियनसारख्या दगडांचे मणी सापडले आहेत. तशी महापाषाणीय दफने चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत, हिरापूरची शिलाप्रकोष्ठे त्यांपैकीच. पुढे चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळे उभी राहिली. तिथल्या मूर्तींच्या मनगटात कंकणे आणि दंडावर बाजूबंद आहेत, स्त्रियांच्या तसेच पुरुषांच्याही. पण शिल्पकाराने देवदेवता आणि राजकुळे सजवली. जंगलातल्या पाड्यावर त्या काळी कोण काय घालत होते, याची साक्ष त्या दगडातून काढणे धाडसाचे होईल. म्हणून मी मार्कंड्यापासून आजच्या कड्यापर्यंत सरळ रेघ ओढत नाही. बांगडी टिकली, तिचा धातू, घाट आणि अर्थ बदलत गेले, एवढेच म्हणता येते.

हा बदल कारागिरांवरूनही ओळखू येतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात पितळकाम करणारे कासार, लाखेच्या बांगड्या करणारे लखेरा आणि काचेच्या बांगड्या करणारे कचेरा यांची वेगवेगळी प्रकरणे आहेत. दागिन्याच्या प्रत्येक पदार्थामागे एक अख्खी जात पोट भरत होती. लाख तर इथल्याच पळस-कुसुमावरची. काच मात्र दूरचा प्रवास करून येऊ लागली. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातल्या बोहेमियातील काचमणी आणि बांगड्या भारतीय बाजारांत भरभरून येत. युद्धात तो माल अडला, जपानने जागा घेतली आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांनाही बळ मिळाले. १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ मार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास लोहमार्ग जोडला गेला आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, त्या मुख्य वाटेवर आले. म्हणजे ज्या माळेला आपण अरण्याची खूण समजतो, तिचे मणी युरोपातल्या एखाद्या कारखान्यातलेही असू शकतात.

खरी गोष्ट चांदीची आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, चांदा इंग्रजांकडे गेला. शेतसारा रोखीत, जंगलमालाची विक्री रोखीत, आणि रोख म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, जवळजवळ ९२ टक्के शुद्ध चांदीचा रुपया. शिलकीचे रुपये सोनाराला द्यायचे आणि तेवढ्या वजनाची कडी घडवून घ्यायची, ही खेड्यापाड्यांतली रीत. वीस रुपयांची कडी म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम चांदी मनगटावर. ती हौस होती आणि ठेवही. टाकसाळीत चांदी नेली की तिचे नाणे पाडून मिळे, त्यामुळे कडे आणि रुपया यांच्या किमती एकमेकींना धरून राहत असत. जून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपयाचा भाव सरकारने वर धरला, चांदीचा जगभर कोसळत राहिला. लगेच १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ मध्य प्रांतावर आला. लोकांनी मनगटातली कडी काढली तेव्हा रुपयाभर वजनाच्या चांदीचे जेमतेम दहा-अकरा आणे उरले होते. लंडन आणि कलकत्त्यातल्या चलन-धोरणाने जंगलातल्या बाईची बचत तिच्या हातावरच झिजवली. दागिन्यांचा इतिहास म्हणून आपण हे शिकवत नाही, याचे मला वाईट वाटते. पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि कड्याचा हा झराच आटला. गिलट आणि अल्युमिनियम यांनी ती जागा भरली, कारण त्यांत चांदीचा रंग होता आणि किंमत परवडणारी होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पूर्वीचा बदल संथ होता, लोकांनी आपल्या मर्जीने पचवला. आताचा बदल रस्ता, शाळा आणि पडद्यावरून लादला जातो, गोंदण आणि जाड कड्यांना हसणाऱ्या नजरांमुळे मुली ते टाकतात. हे खरे आहे. तो अपमान थांबलाच पाहिजे. पण त्यासाठी दोष तुच्छतेला द्यावा, बांगडीला देऊ नये. शिवाय १८९३ चा घाव संथही नव्हता आणि मर्जीचाही नव्हता. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: चांदीचे कडे अडीअडचणीला गहाण पडे, प्लॅस्टिकचे पडत नाही. हा तोटा मी मान्य करतो. सोनाराचा, कासाराचा, लाख वितळवणाऱ्याचा हात थांबला, हाही तोटाच. संस्कृतीच्या नावाने जी चिंता होते ती या दोन ठिकाणी व्हावी. बाईजवळ तिच्या स्वतःच्या नावाची ठेव किती उरली, तेंदूपानाच्या हंगामाचा पैसा घरात कोणाच्या हाती जातो, हे प्रश्न बांगडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे आहेत.

आणि ज्यांच्याकडे जुनी कडी, वाळे, माळा जमा आहेत, मग ते संग्रहालय असो की घरची पेटी, त्यांना एक विनंती. नुसते ‘गोंड दागिना’ असे लिहून ठेवू नका. कोणते गाव, कोणता बाजार, कोणता धातू, किती वजन, घडवणारा कोण आणि साधारण कोणत्या साली, एवढे विचारून नोंदवा. ज्यांना हे सांगता येईल अशा आज्या अजून भामरागड, एटापल्ली, जिवतीच्या गावांत आहेत. त्यांना या दिवाळीतच विचारा.